उंदीरमामा कामाला लागले!

महिनाअखेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? पगार? मग तुम्ही नक्कीच अकाउंट्समध्ये नाही. आमच्याकडे महिनाअखेर म्हणजे बिलं. अकराशे, बाराशे, दिवाळीच्या आसपास तेराशेसुद्धा. व्हेंडरची बिलं कागदाशी ताडून झालेली असतात, एक्सेलमध्ये खुणा झालेल्या असतात आणि मग उरतं ते शेवटचं, डोकं बंद करून करायचं काम. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जायचं, यादीतलं सगळ्यात वरचं बिल निवडायचं, 'व्हेरिफाय' दाबायचं. मग ते मशीन लाडात येऊन विचारतं, 'आर यू शुअर?' त्याला 'ओके' म्हणायचं. ते बिल यादीतून गायब होतं, खालचं वर सरकतं. पुन्हा निवडा, व्हेरिफाय, ओके. निवडा, व्हेरिफाय, ओके...

सगळी बिलं एकदम निवडायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. विचारून झालंय. 'नव्या व्हर्जनमध्ये येणार आहे' हे उत्तर मी जॉइन झाल्या दिवसापासून ऐकतेय.

एका बिलाला तीन क्लिक. अकराशे चाळीस बिलं धरली तर तीन हजार चारशे वीस. हा हिशोब मी कधी केलाच नव्हता. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना तेव्हा केला. उजवं मनगट जाम दुखत होतं. फिजिओथेरपिस्टनं हात वळवून पाहिला, काम काय करता विचारलं आणि म्हणाली, "माउस जरा जवळ घ्या, मध्येमध्ये डाव्या हातानं वापरा आणि मुख्य म्हणजे क्लिक कमी करा." क्लिक कमी करा! हे म्हणजे कंडक्टरला तिकिटं कमी फाडा म्हणण्यासारखं झालं.

सेटिंगमध्ये जाऊन माउसची बटणं उलटी केली आणि दोन दिवस डाव्या हातानं प्रयत्न केला. माझ्या मागं बसणारी मंडळी माझ्याकडं बघून हसत होती, एवढंच सांगते.

उपाय निघाला सांगलीत, मामाकडे. माझा मामेभाऊ अकरावीत आहे आणि अभ्यास सोडून सगळं करतो. 'कुकी क्लिकर' नावाचा एक गेम आहे. २०१३ मध्ये ज्युलियन तिएनो नावाच्या एका फ्रेंच माणसानं काढलेला. त्यात एका मोठ्या बिस्किटावर क्लिक करत राहायचं, बिस्किटं जमा होतात. बस्स. हा पठ्ठ्या जेवायला ताटावर बसला होता आणि आतल्या खोलीत लॅपटॉपवर बिस्किटं जमा होत होती.

"अरे, कोण खेळतंय?"

"कोणी नाही, ताई. ऑटो क्लिकर लावलाय."

जेवण झाल्यावर त्यानं मला दाखवलं. 'ओपी ऑटो क्लिकर' नावाचं एक फुकटचं छोटंसं सॉफ्टवेअर. खिडकी हातरुमालाएवढी. किती वेळानं क्लिक करायचं ते तास, मिनिटं, सेकंद आणि मिलिसेकंदात भरायचं. डावं बटण की उजवं, सिंगल क्लिक की डबल, तेही सांगायचं. मोजून अमुक इतके क्लिक करायचे की थांब म्हणेपर्यंत करत राहायचं ते ठरवायचं. आणि कर्सर असेल तिथं मारायचं की एक जागा नेमून द्यायची, हेही. एफ-६ दाबलं की सुरू, पुन्हा एफ-६ दाबलं की बंद. माउसनं बंद करायला जाऊ नका, कारण माउस तेव्हा तुमचा राहिलेला नसतो. तुम्ही बटणापर्यंत पोचेपर्यंत तो वाटेत दिसेल त्यावर टकटक करत जातो.

हे ज्ञान मला पाच मिनिटांत प्रत्यक्ष अनुभवानं मिळालं. उघडून ठेवलेल्या किराण्याच्या साइटवर कर्सर होता, नेमका कोथिंबिरीच्या जुडीपुढच्या अधिक चिन्हावर. मी सहज म्हणून एफ-६ दाबलं. शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाला दहा क्लिक. 'यापेक्षा जास्त मिळणार नाही' म्हणून शेवटी साइटनंच मला अडवलं. मामी म्हणाली, "वड्या करायच्यात का गं?"

पण माझ्या डोक्यात दिवा लागला होता. यादीतलं बिल संपलं की खालचं वर येतं, म्हणजे तीनही क्लिकच्या जागा कधी बदलतच नाहीत. मग मी तिथं कशाला हवी?

सोमवारी ऑफिसात आयटीवाल्या दादाला गाठलं. तिथं पहिला धडा मिळाला. ऑफिसच्या पीसीवर घरून आणलेलं काहीही टाकायचं नाही, आणि असल्या क्लिकरच्या नावानं डाउनलोडच्या पानांवर खोटी हिरवी बटणं इतकी असतात की खरं कुठलं ते कळत नाही. शिवाय त्या साध्या क्लिकरला एकच जागा नेमून देता येत होती. मला तीन हव्या होत्या, आणि प्रत्येकीनंतर वेगवेगळा वेळ थांबायला हवं होतं. दादा म्हणाला, "सरांचा मेल आण, मी तुला ऑटोहॉटकी टाकून देतो."

ऑटोहॉटकी हे प्रकरण भारी आहे. ख्रिस मॅलेट नावाच्या माणसानं २००३ मध्ये ते पहिल्यांदा लोकांपुढं आणलं. फुकट आहे, मूळ कोडही उघडं आहे. त्यात तुम्ही नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या: या खिडकीत जा, इथं क्लिक कर, दीड सेकंद थांब, तिथं क्लिक कर. प्रोग्रामिंग म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, पण हे मला आईनं घर सोडताना लिहून दिलेल्या आमटीच्या कृतीसारखं वाटलं. जागा शोधायला त्यातच 'विंडो स्पाय' नावाचं टूल येतं. कर्सर बटणावर नेला की ते दोन आकडे दाखवतं, डावीकडून किती आणि वरून किती. माझ्या 'व्हेरिफाय'चे होते ६४० आणि ४१२. अजून पाठ आहेत, एटीएमच्या पिनसारखे.

तुम्ही करणार असाल तर एक सांगते. नेटवर मिळणाऱ्या जुन्या उदाहरणांच्या मागं लागू नका. २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑटोहॉटकीची दोन नंबरची आवृत्ती आली आणि तिच्यात लिहायची पद्धत बदलली. मी एक नंबरवाला कोड दोन नंबरात चालवायला बघत अख्खी संध्याकाळ घालवली. आणि एवढंही नको असेल तर मायक्रोसॉफ्टचं 'पॉवर ऑटोमेट' आहे. त्याची डेस्कटॉपवरची आवृत्ती २०२१ च्या मार्चमध्ये विंडोज १० वाल्यांना फुकट केली, विंडोज ११ मध्ये ते बरोबरच येतं. त्यात ओळी लिहायच्या नाहीत, तयार चौकोन एकाखाली एक ओढून ठेवायचे. आमच्या आयटीनं ते बंद करून ठेवलंय, का ते विचारू नका.

गंमत म्हणजे ही कल्पना काही आजची नाही. १९९२ मधल्या विंडोज ३.१ मध्ये 'रेकॉर्डर' नावाचा प्रोग्राम बरोबर मिळायचा. तुमचे क्लिक आणि टायपिंग तो टिपून ठेवायचा आणि नंतर पुन्हा करून दाखवायचा. विंडोज ९५ मध्ये तो काढून टाकला. माउस तर त्याहून म्हातारा. डग्लस एंगलबार्टच्या डोक्यातली कल्पना, बिल इंग्लिशनं १९६४ मध्ये लाकडाच्या खोक्यात बसवली, एकच बटण असलेली. त्या दोघांना कोणी सांगितलं असतं का, की पुण्यात एक मुलगी महिन्याला साडेतीन हजार वेळा हे दाबणार आहे?

तर आला पहिला महिना. स्क्रिप्ट लिहिली, सरांना दाखवली, पहिली वीस बिलं श्वास रोखून पाहिली. कर्सर आपोआप सरकतो, टक. दीड सेकंद. टक. चौकट येते, टक. भूत बसल्यासारखं वाटतं पहिल्यांदा. शेजारच्या मॅडम खुर्ची सरकवून बघायला आल्या. या आमच्या सगळ्यात सीनिअर. एकोणीस वर्षं याच डिपार्टमेंटला, येत्या मार्चमध्ये रिटायर होणार. महिनाअखेरची निम्मी बिलं त्यांची, निम्मी माझी. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं बाई, उंदीरमामा एकटेच निघाले की!"

नाव तेव्हापासून पडलं ते पडलंच.

सुरुवातीचे घोटाळे छोटे होते. लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडला तर क्लिक भलतीकडे पडायला लागले. लॅपटॉपवर सगळं १२५ टक्के मोठं दिसत होतं, मॉनिटरवर शंभर टक्के, त्यामुळं बटणाची जागाच बदलली होती. एकदा चहाला जाताना नियमाप्रमाणं पीसी लॉक केला आणि परत येऊन बघते तर एकही बिल पुढं गेलेलं नाही. स्क्रीन लॉक असली की क्लिक आत पोचतच नाहीत. चांगलंच आहे म्हणा.

वेळ किती वाचला ते ऐकून मात्र तुमचा भ्रमनिरास होईल. हातानं मला एका बिलाला साधारण पंधरा सेकंद लागायचे, स्क्रिप्टला नऊ. त्याखाली जाता येत नाही, कारण आमचं सॉफ्टवेअरच 'व्हेरिफाय' झाल्यावर विचारात पडतं. म्हणजे पावणेपाच तासांचं काम पावणेतीन तासांवर आलं. दोन तास. पण मनगट! त्या महिन्यात मी पहिल्यांदा तीस तारखेला घरी जाऊन पोळ्या लाटल्या.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. सेल्समधला एक जण हळूच येऊन विचारून गेला, "माझा तो हिरवा ठिपका दिवसभर हिरवा ठेवता येईल का?" म्हणजे साहेब जागेवर नसताना माउस हलत राहील आणि मॅनेजरला वाटेल साहेब कामात आहेत. येतं की करता, दोन ओळी लागतात. पण २०२४ च्या जूनमधली बातमी मी त्याला सांगितली. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं डझनाहून जास्त लोकांना काढलं होतं, कीबोर्ड चालू असल्याचा आभास करून काम करत असल्याचं दाखवलं म्हणून. तो गेला निघून. मी मनातल्या मनात कॉलर ताठ केली. मी काम करण्यासाठी मशीन लावलंय, न करण्यासाठी नाही. वगैरे वगैरे.

ती ताठ कॉलर पुढच्याच महिन्यात उतरली.

महिन्याची एकोणतीस तारीख, शुक्रवार. पेमेंटची फाइल चार वाजता बँकेकडे जाते. माझी पाचशे बिलं बाकी होती आणि खाली कँटीनमध्ये मिसळ होती. लॉक केलं तर मामा थांबणार हे माहीत झालं होतं, म्हणून मी लॉक केलंच नाही. फक्त मॉनिटर बंद केला, एफ-८ दाबलं आणि गेले जेवायला. पासवर्ड टाकलेला पीसी असा उघडा सोडून जाणं ही आमच्याकडे लेखी चूक आहे. मला ते ठाऊक होतं.

झालं असं की मी मिसळ खात असताना नेटवर्क गेलं आणि आलं. सॉफ्टवेअरनं यादी पुन्हा भरून घेतली. पण भरताना माझा फिल्टर उडाला. माझ्या यादीत फक्त तपासून झालेली बिलं असायची. नव्या यादीत सगळी होती, 'होल्ड'वर ठेवलेलीसुद्धा, आणि आमचं सॉफ्टवेअर होल्डवाली सगळ्यात वर दाखवतं. उंदीरमामांना काय त्याचं? ६४० आणि ४१२. टक. आर यू शुअर? टक. शुअर!

मी परत आले, मॉनिटर लावला. सगळं छान चाललेलं दिसलं. कर्सर सरकत होता, बिलं जात होती. मी मस्त बडीशेप चघळत बघत बसले. पाचशेत चार होल्ड मिसळली तर दिसत नाहीत, आणि तोवर होल्डवाली सगळी जाऊन पुन्हा साधी बिलं सुरू झाली होती.

पकडलं मॅडमनी. सव्वातीनला त्यांनी सहज व्हेरिफाय झालेल्या बिलांची यादी उघडली, चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीनला नाक लावलं आणि मला हाक मारली. "अगं, हे ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल तू पुढं ढकललंस? हे दुसऱ्यांदा आलंय. बिल नंबरमध्ये फक्त एक तिरकी रेघ जास्त आहे. मी याला गेल्या महिन्यापासून अडवून धरलंय."

माझ्या पायाखालची फरशी सरकली. मोजली, तर होल्डवरची एक्केचाळीस बिलं पुढं गेली होती. आणि हातात पाऊण तास.

एक क्षण वाटलं, म्हणावं की सिस्टीमचा प्रॉब्लेम झाला. कोणाला कळणार होतं? नेटवर्क तर खरंच गेलं होतं. पण मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त थांबल्या. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं, मॉनिटर बंद करून जेवायला गेल्यासकट. सर आधी गप्प बसले, मग त्यांनी बँकेला फोन करून फाइल साडेचारला देतो म्हणून कळवलं. व्हेरिफाय झालेलं बिल मागं घ्यायला त्यांचा पासवर्ड लागतो, वर कारण टाइप करावं लागतं. त्याला स्क्रिप्ट नव्हती. सर, मॅडम आणि मी, तिघांनी मिळून एक्केचाळीस बिलं हातानं मागं घेतली. चार वाजून बावीस मिनिटांनी शेवटचं. माझं मनगट पुन्हा ठणकत होतं आणि मी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी बसस्टॉपवर मी मॅडमना विचारलं, "पण तुम्हाला ते दिसलं कसं? इतक्या यादीत?"

"अगं, एकोणीस वर्षं मी काय नुसती बटणं दाबत होते का? दाबताना बघत होते. नाव बघायचं, रक्कम बघायची. खटकलं की हात आपोआप थांबतो."

मी मात्र त्या कामाला 'डोकं बंद करून करायचं' म्हणत होते. लेखाच्या सुरुवातीलाही तेच लिहिलंय बघा. खोडणार होते, पण राहू दिलं.

नंतरचा वीकेंड स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात गेला. आता मामा क्लिक करण्याआधी खिडकीचं नाव तपासतात, भलतीच खिडकी समोर असेल तर जागचे हलत नाहीत. फिल्टर लावलेला असला की आमच्या स्क्रीनवर एक पिवळी पट्टी दिसते. ऑटोहॉटकीला एखाद्या बिंदूचा रंग विचारता येतो, तर प्रत्येक बिलाआधी ती पट्टी पिवळी आहे का ते बघायचं, नसेल तर थांबायचं आणि ओरडायचं. आकड्यांवर क्लिक मारण्याऐवजी बटणालाच थेट हाक मारायचीही सोय आहे, 'कंट्रोल क्लिक' म्हणतात तिला. आमच्या सॉफ्टवेअरच्या निम्म्या बटणांना ती ऐकू येते, निम्म्यांना नाही, पण निम्मं तर निम्मं. आणि एस्केप दाबलं की सगळं ठप्प. खरं तर ही ओळ सगळ्यात आधी लिहायची असते. मी सगळ्यात शेवटी लिहिली.

मॅडमची एक अट होती. पंचवीस बिलं झाली की थांबायचं, बीप वाजवायचा. पंचवीस नावं माणसानं वाचायची, मगच पुढं. आणि एक लाखाच्या वरचं बिल मामांना द्यायचंच नाही, ते हातानं. या सगळ्यामुळं दोन तासांची बचत एका तासावर आली. मनगटाचा हिशोब मात्र तोच राहिला.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. गेल्या आठवड्यात सरांनी बोलावलं आणि विचारलं, मार्चमध्ये मॅडम रिटायर झाल्यावर त्यांच्या जागी माणूस घ्यायला हवा का? "तुझं ते मशीन आहे ना आता. एक पानाची नोट दे." मला सरळ माहीत होतं की त्यांना कोणतं उत्तर आवडेल. माझ्या अप्रेझलला कोणतं आवडेल तेही. मी नोट लिहिली. वाचलेले तास लिहिले, खरे, एक तास म्हणून. त्याखाली एक्केचाळीस बिलं, तिरकी रेघ आणि साडेचारची फाइल लिहिली. मॅडम रोज जे बघतात ते कोण बघणार, असं विचारलं आणि माणूस हवा असं लिहिलं. सरांचं उत्तर अजून आलेलं नाही.

दरम्यान एफ-८ दाबायचा मान मॅडमनी स्वतःकडे घेतलाय. सकाळी पर्स ड्रॉवरमध्ये ठेवतात, बाटली भरून आणतात आणि म्हणतात, "चला मामा." पंचवीस झाली की बीप वाजतो. मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवते. त्या चष्मा कपाळावर ढकलतात, बोटानं एकेक नाव खाली घेत जातात. मध्ये कुठंतरी बोट थांबतं. "हे बघ," म्हणतात, "याचा पत्ता बदललाय का गं? फोन करून विचार." मी फोन लावते.

मग त्या उरलेली नावं वाचतात आणि म्हणतात, "हं, सोड."